गिरणीवरची मोजणी

दहा किलो गहू म्हणजे सहा माणसं, एक आठवडा.
हे मला कुणी शिकवलं नाही.
वजनकाटा आणि मी एकाच वर्षी आलो उत्तमनगरात.
सिडकोच्या घरांना तेव्हा ओल्या चुन्याचा वास
आणि दारादारात कळवण, सटाणा, साक्री, शिंदखेडा.

डब्यांवर खिळ्याने कोरलेली आडनावं:
बच्छाव. अहिरराव. सोनवणे,
दोन सोनवणे, म्हणून ओळखायचं
एकाच्या डब्याला पडलेल्या पोच्यावरून.
बाजरी यायची, कळण्याची ज्वारी यायची उडदासकट,
अंबडचा भोंगा झाला की बायकांची रांग
आणि रांगेत भांडण एकच:
माझा गहू बाजरीवर टाकू नको.

टाकायचे मी.
खरं सांगू, गिरणी कधी रिकामी होतच नाही.
आधीच्याचं मूठभर पीठ दगडांच्या पोटात राहतं
आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं.
सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही.
फक्त उपासाची भगर आणणाऱ्या दाणीबाई
आधी स्वतःच्या दोन मुठी वाया घालवायच्या,
दगडांना आंघोळ घातल्यासारख्या.

त्या सिंहस्थाच्या आधी, की नंतर,
रामसकल आला, भाजलेला हरभरा घेऊन.
म्हणाला, सत्तू.
मी म्हटलं, म्हणजे फुटाण्याचं पीठ?
तो कशाला तरी हसला, मीही हसले.
सिवानचा. कारखान्यात बफिंगला.
खोलीत आठ जण आणि दळण तीन किलोचं.
माझा हिशोब पहिल्यांदा तिथे चुकला.
बाकीचं पीठ मनीऑर्डरने गेलेलं असायचं.

मग तांदूळ आला, भिजवून सुकवलेला, जाडसर हवा म्हणणारा.
ओमना सिस्टर नाईटवरून परस्पर यायची,
पांढऱ्या चपलांवर पांढरं पीठ, दिसायचंसुद्धा नाही.
मग फरशीवाल्यांचा मका, उदयपूरकडचा.
नागली मात्र सगळ्यात शेवटी.
हरसूलची जनी भोये, नाक्यावर पहाटे उभी राहणारी.
जवळची माणसं सगळ्यात उशिरा पोचली इथे.

आणि बच्छावांचा डबा
दहाचा सहा झाला, सहाचा दोन,
मागच्या दिवाळीपासून अर्धा.
मुलगा हिंजवडीला, मुलगी तिकडे.
तिकडे म्हणजे कुठे, ते बाई दर वेळी वेगळं सांगतात.
अर्ध्या किलोला मोटर चालू करणं परवडत नाही.
करते.

पाथर्डी फाट्याच्या टॉवरमधून डबा येतो,
त्यावर नाव नाही, बी-११०४.
स्कूटरवरचा पोरगा ठेवून जातो, नेहमी वेगळा पोरगा.
आत ज्वारी, नाचणी, सोयाबीन, डॉक्टरने लिहून दिल्यासारखं.
माणसं किती, वजनावरून कळत नाही.
बी-११०४ माझ्या मोजणीत नाही.

परवा शाळेतल्या बाई आल्या, हातात सरकारी टॅब,
सावली बघून माझ्याच बाकावर टेकल्या.
समोर रामसकलची गुंजा, पिशवीत मका,
(मका ती फरशीवाल्यांच्या सुनेकडून शिकली)
मला म्हणाली, काकू, बारीक दयी दे वं.
बाई बघत राहिल्या.
मूळ गाव? सिवान, म्हणाली, एकदाच गेलेय, आजी वारली तेव्हा.
मातृभाषा?
गुंजाने जरा विचार केला.
घरातली, की गिरणीवरची?
रकाना एकच होता.
काय भरलं ते मी पाहिलं नाही, पट्टा सुटला होता.

पट्टा चढवला. मका काढला.
मागे बच्छावबाई उभ्या, अर्धा किलो गहू छातीशी धरून.
म्हटलं, थांबा, कोंडा टाकून दगड साफ करते,
नाहीतर पोळी पिवळी येईल तुमची.
येऊ दे, म्हणाल्या.