शुद्धिपत्र

फुलेनगरच्या मैदानात सकाळी साडेनऊला
माझ्यापुढे अकरा गाड्या.
माझी शंभर सीसी, सोळावं लागलेली,
पंधरा वर्षांचा कागद संपला
म्हणून पुन्हा पासिंगला आणलेली.

जन्मभर मी लोकांच्या चुका काढल्या.
सदाशिव पेठेतला छापखाना, खिळ्यांपासून कॉम्प्युटरपर्यंत,
ऱ्हस्वदीर्घ, सुटलेले अनुस्वार, पाय मोडायचे राहिलेले,
समासात लाल खूण करायची
आणि दुसऱ्याच्या डोक्यावर टाकून मोकळं व्हायचं.
आज समासात मी उभा.

दौंडकर मॅडम. वय माझ्या धाकटीहून कमीच,
कानामागे पेन्सिल.
"मागचा ब्रेक दाबा."
दाबला. दिवा लागला नाही.
"पुढचा."
तरी नाही.
काल लागत होता, मी म्हटलं.
"काल तुमच्या मागून कोण बघत होतं?"

टायरवर त्यांनी अंगठा फिरवला,
मी कागदाचा पोत बघायचो तसा.
गोटा.
नाना पेठेतला यासीन दिवाळीपासून सांगत होता,
काका, ह्याचा आता झोपाळा करा नातवाला.
हॅण्डल वळवताना मधोमध एक खाच लागते,
कोनसेट गेलाय म्हणे.
मला वाटायचं, इतक्या वर्षांत
गाडीला सरळ जायची सवय लागलीय.

मग हॉर्न.
दाबला तर आत काहीतरी नुसतं खाकरलं.
कधी गेला, खरंच आठवेना.
कुमुद मागे बसायची तेव्हा लक्ष्मी रोडवर तीच ओरडायची,
"अहो, कडेला होऊन गप्पा मारा की!"
आणि माणसं कडेला व्हायची.

मॅडम वाकल्या, मागचं पायदान उघडायला गेल्या.
उघडेना.
बुटाच्या टाचेनं हाणलं, गंजाची पूड पडली, तरी नाही.
"आणि साडीगार्ड?"
खडखडायचं, म्हणून मीच काढून ठेवलं.
"किती दिवस मागे कुणी बसलं नाही?"
म्हटलं, गुडघे. तीन वर्षं होतील.
आता ती वनाजहून मेट्रोनं जाते, एकटीच,
आणि आल्यावर सांगते, तुमच्या गाडीपेक्षा बरं, गचके नाहीत.
मॅडम हसल्या नाहीत. लिहीत राहिल्या.

शेवटी चासी नंबर.
वर कागद धरून पेन्सिल घासली,
करड्या ढगातून आकडे वर आले.
शेवटून तिसरा, तीन की आठ?
शेजारचा एजंट गव्हाणे हळूच म्हणाला,
आठ म्हणा काका, कोण बघतंय.
मी गुडघ्यावर बसलो. (माझेही काही बरे नाहीत.)
रॉकेलच्या फडक्यानं पुसलं, चष्मा कपाळावर नेला,
नखानं डावीकडची घाण खरवडली.
तीन.
मळानं त्याचा आठ केला होता.
मॅडमनी पुन्हा पेन्सिल घासली, मान हलवली.
अख्ख्या पानात तेवढंच एक बरोबर निघालं.

नापास. दुरुस्ती करून पुन्हा या.

कागदावर त्यांनी "साडिगार्ड" लिहिलं होतं, ऱ्हस्व.
खिशातल्या लाल पेनाला बोट लागलं.
मी खूण केली नाही.

संगम पुलावर हात बाहेर काढून थांबत थांबत,
हॉर्न नाही, दिवा नाही,
मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या घेत घरी.

जेवताना कुमुदला यादी वाचून दाखवली,
प्रुफं वाचून दाखवायचो तशी,
स्वल्पविरामासकट.
ती म्हणाली, गार्ड माळ्यावर आहे,
पुरणयंत्राच्या मागे.
आणि सांगून ठेवते, मी बसणार नाही.
नको बसूस. नुसतं लावून न्यायचंय.

ताटं उचलून ती आत गेली.
नळ सुरू झाला. बंद झाला.
"त्या पायदानाला मात्र
नीट तेल घालून घ्या."