सीफा

‘एक सीफा द्या,’ म्हटलं की नवा कंडक्टर मशीन चाळत बसतो.
सीफा त्यात नाही. देसूर आहे, नंदिहळ्ळी आहे,
गर्लगुंजी तर दोन वेगवेगळ्या स्पेलिंगांत आहे.
‘याव ऊरु री?’ तो विचारतो.
ऊर नाही हो. रेल्वेची पाटी होती ती.
पिवळा चौकोन, वर इंग्रजीत काहीतरी, खाली सी/फा.
सीटी वाजव, पुढं फाटक आहे,
एवढंच सांगायचं होतं ड्रायव्हरला.
आमच्या लोकांनी मधली तिरकी रेघ गिळली
आणि वाचलं सीफा.
सीफ्याचं शेत. सीफ्याची विहीर.
मोनाप्पा सीफेकर, शाळेच्या दाखल्यावरसुद्धा.

त्याआधी नुसता रुळाचा तुकडा होता, उभा गाडलेला,
डोक्यावर बिडाचं पान, त्यावर एकच अक्षर.
म्हातारी माणसं त्याला म्हणत
शेजारी शेजारी उभ्या दोन म्हशींची शिंगं.
मालक बदलले: एम.एस.एम., सदर्न, साउथ सेंट्रल, साउथ वेस्टर्न.
मुंबई राज्याचं म्हैसूर झालं, म्हैसूरचं कर्नाटक.
शिंगं तिथंच.

पाटी आल्यावर तिला रंग द्यायला भरमाण्णा चित्रगार यायचा,
सायकलच्या हँडलला डबे अडकवून.
शहरात त्यानं एकाच दुकानाची पाटी चार वेळा लिहिली होती.
मराठीत. कानडीत. डांबर खरवडून परत मराठीत.
मग दोन्हींत, अक्षरांची उंची पट्टीनं मोजणाऱ्या साहेबासमोर.
‘हिच्यावर कुणी डांबर टाकत नाही,’
ब्रश दातांत धरून तो म्हणायचा, ‘ही कुणाचीच न्हवं.’
आणि थोड्या वेळानं,
‘म्हणून बिलपण कुणी लवकर काढत नाही.’

पाटीपासून फाटकापर्यंत आजोबांच्या पावलांनी आठशे.
आमचं घर साडेतीनशेव्या पावलावर.
म्हणजे शिट्टी पडवीतून शिरायची, परसातून बाहेर पडायची,
आणि तेवढा वेळ कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही.
आत्या हात वर करायची: गाडी येऊलाली, थांब.
वाक्यं थांबायची, तोंडात घास धरल्यासारखी.
भांडण असलं तर निवायचं,
किंवा शिट्टीच्या आडून
जे बोलायचं नाही ते बोलून घेता यायचं.
आईनं एकदा घेतलं. तिचे ओठ हलताना मी पाहिले.
बाबा भाकरीकडं बघत होते.

गेल्या वर्षी फाटक बंद झालं.
अडिवेप्पानं दोन झेंडे परत केले, सही केली,
कंदील मात्र मोजणीत सापडला नाही.
रुळांखालून रस्ता गेला. पावसाळ्यात तिथं कमरेइतकं पाणी,
पोरं खेकडे धरतात.
फाटक नाही म्हणून शिट्टी नाही, शिट्टी नाही म्हणून पाटी कशाला,
एका दुपारी गँगच्या माणसांनी ती उपटून नेली.
खड्ड्यात कुणीतरी भोपळ्याची बी टोचली.
वेल रुळाकडं जायला बघतो, कीमन रोज वळवून ठेवतो.

आता विजेची गाडी
चादर ओढल्यासारखी निघून जाते.
काल आत्या भाकरी थापत सांगायला लागली,
‘त्या दिवशी शिट्टीत तुझी आई काय बोलली, मला कळलं होतं.
ओठांवरनं कळलं. ती म्हणाली की—’
आणि तिचा पिठाचा हात आपोआप वर गेला.
मांडणीवर पेल्याला पेला लागला.
मी थांबले.
गाडी गेली. हात खाली आला.
आत्यानं भाकरी उलटली, बोटाला चटका बसला,
‘लाकूड ओलं आहे मेलं,’ म्हणाली,
आणि फुंकणी शोधत परसात गेली.