एतेरीचं खातं

कुताइसीत, रिओनीवरच्या पांढऱ्या पुलापासून जवळ,
चांभाराच्या वरच्या मजल्यावर माझी कचेरी.
एकवीस वर्षं लोकांचे हिशेब लिहितोय,
तरी एतेरी ख्विचियाचं खातं उघडताना
पेन थांबलं.

काय विकतेस?
अक्षरं.
केवढ्याला?
फुकट.

तेहेतीसच्या तेहेतीस काढली होती तिनं,
चार हिवाळे, रॉकेलच्या शेगडीला पाय लावून.
'झानी' तर अकरा वेळा पुसला म्हणे,
मान बारीक, पोट मोठं, उभाच राहीना.
मग सगळं एका फाइलीत बांधून
उघड्यावर ठेवून दिलं,
वर परवान्याचा कागद:
घ्या, वापरा, मोडा, जोडा, कमवा.
नाव माझं राहू द्या,
आणि यातून नवं काही घडवलंत
तर तेही असंच दाराबाहेर ठेवा.

मी जमेच्या रकान्यात शून्य मांडलं
आणि तिला ऐकवलं,
फुकट ते पौष्टिक म्हणणारं गाव आहे हे,
एकदा चटावलं की दमडी सोडणार नाही.
ती घेवड्याची लोबियानी खात होती.
अर्धी मोडून मला दिली.

त्या वर्षी तिची अक्षरं
पाववाल्याच्या पाटीवर आली,
दातांच्या दवाखान्यावर, बसच्या वेळापत्रकात.
निवडणुकीत दोन्ही उमेदवारांनी
एकाच वळणात एकमेकांना चोर म्हटलं.
जमा: शून्य.
जानेवारीत तिनं माझ्याकडून लाकडं उसनी नेली.
ती मी कुठेच लिहिली नाहीत.

मग ओझुर्गेतीहून चहावाला आला, ओलं छत्र घेऊन.
सात महिने पुड्यांवर तुमचीच अक्षरं छापतोय, म्हणाला,
लोक आता पुडा लांबून ओळखतात.
पण लहान पाकिटावर ती विरघळतात हो,
आम्हाला जाड करून द्याल?
पैसे बोला.
ती बोलली. मी टेबलाखाली बोटं मोजली.
वर म्हणाली, वर्षभर तुमची एकट्याची,
मग सगळ्यांची.
त्यानं मान हलवली, जणू चहाच्या मळ्यात
असंच चालतं.

बातुमीहून मुलांची पुस्तकं छापणारी बाई,
उशिरा वाचायला शिकणाऱ्यांसाठी मोकळी अक्षरं हवीत म्हणून.
एक नाटकमंडळी. एक बँक,
जिनं आधी नाव गाळलं होतं,
पत्र गेल्यावर छापलं, मुंगीएवढं.
मुंगी तर मुंगी, एतेरी म्हणाली,
आणि बँकेला कामाचा दर दुप्पट सांगितला.
फाइलीचे पैसे कुणीच दिले नाहीत.
पैसे आले ते तिच्या हातासाठी,
पुढचं वळण कुठे घ्यायचं
हे ज्याला ठाऊक, त्या हातासाठी.

आणि तो पाथरवट, नोदारी.
काळ्या दगडात 'झानी'ची मान तुटते, म्हणाला,
छिन्नीला झेपेल असा करून दे.
पैसे नव्हते. चीजचा गोळा आणला होता, कापडात.
तिनं आठवडाभर दगड बघितला,
मग मान जरा जाड केली,
आणि तीही फाइल ठेवून दिली बाहेर.
चीज जमेत धरायचं का, मी विचारलं.
खाऊन बघ आधी, ती म्हणाली.

माझ्या बायकोचं नाव झुझुना.
दोन 'झानी'.
दगडावर दोन्ही शाबूत आहेत.
नोदारीनं पैसे पूर्ण घेतले,
घ्यायलाच हवे होते.

यंदा एतेरीचा करअर्ज मीच भरला.
'उत्पन्नाचं साधन' या रकान्यापुढे
बराच वेळ बसलो. खाली चांभार ठोकत होता.
शेवटी लिहिलं:
जे सगळ्यांकडे आहे, ते.

अर्ज परत आला, तिसऱ्या दिवशी.
आडवा लाल शिक्का, 'अपूर्ण'.
चष्मा लावून बघितलं.
वळण ओळखीचं होतं.