दहा पावलं

पत्रकातलं घर मीच काढलं होतं.
झोंबाच्या छापखान्यात, खिडकीपाशी बसून:
पत्र्याचं छप्पर, दाराशी कोंबडी,
आणि घरापासून दहा पावलांवर
कुड घातलेला संडास.
पावलंही काढली होती, मोजून दहा.
त्या आठवड्यात हिरवी शाई संपली,
म्हणून केळीची पानं निळी.

चिल्वा सरोवरात होडी लव्हाळ्यांतून शिरली
तेव्हा गठ्ठा मांडीवर धरून होतो,
आजारी पोर धरावं तसा.
पुढे बसून वल्हवणारी एनिफा म्हणाली,
मागच्या वर्षीचे कागद बरे होते,
बोटाएवढी सुकी मासळी त्यांत छान बांधता यायची.

लेमानीचं घर पाण्यावर.
लव्हाळ्याच्या पेंढ्यांचा तराफा, वर गवताची खोप.
कुणी चाललं की सगळं घर खालीवर होतं.
त्यानं कागद उजेडात धरला,
बोटानं पावलं मोजली,
आणि हसला नाही.
"दहा? माझं तिसरं पाऊल पाण्यात पडतं."

मग जाळ्याकडे बघत बोलला:
ज्या पाण्यात भावाचे कपडे धुतले
त्याच पाण्यात रात्री मक्याची उकड रटरटली.
"ती तरी शिजलेली होती.
वर जे पाणी प्यालो, ते नव्हतं."

एनिफानं औषधाची बाटली काढली.
एका बादलीला एक टोपण.
मग अर्धा तास हात लावायचा नाही.
"अर्धा तास म्हणजे केवढा?"
मी खुळ्यासारखा मनगटाकडे पाहिलं.
शेजारच्या तराफ्यावरून म्हातारा चिसाले खेकसला,
"एक जाळं ओढून
त्याचा गुंता सुटेपर्यंत! एवढंही कळत नाही?"

कागदाची पाठ कोरी होती.
पैसे कमी पडले म्हणून एकाच बाजूनं छापलेला.
बॉलपेननं बादली काढली, टोपण काढलं,
गुंता सोडवणारे दोन हात काढले.
संडासाच्या जागी काही सुचेना.
लेमानी वाट बघत राहिला.
मीही.

शेवटी त्यानंच कागद घेतला,
घडी घालून दोऱ्यानं
बाटलीच्या गळ्याशी बांधला,
हात बाहेरच्या बाजूला.

नव्या छपाईत जाळं आहे.
साहेबांनी विचारलं, हे कशाला?
म्हटलं, ते घड्याळ आहे.
हिरवी शाईही आली आहे.
संडासाची चौकट तेवढी कोरी ठेवलीय.
सोमवारी पुन्हा होडीनं जातो,
या खेपेला गठ्ठा नाही,
पेन्सिल.