रकाना क्रमांक सात

खानापूरच्या ऑफिसातून आलेल्या फॉर्मात
सातव्या रकान्याला दोन बोटं जागा आहे.
'नवशिक्षकास कोणते मार्गदर्शन केले?'
प्रश्न कन्नडात. उत्तरही कन्नडातच,
तीन प्रती, सोमवारच्या आत.

मी वत्सला हलगेकर, नोकरीची अठ्ठावीस वर्षं.
दर शनिवारी जांबोटीची लाल बस धरते,
फाट्यावर उतरून काजूच्या बागांतून दीड मैल चालते
कोंडेगाळीच्या मराठी शाळेपर्यंत.
दोन खोल्या, एकोणीस पोरं,
आणि त्यांना कन्नड शिकवायला सौंदत्तीकडून आलेला
इराप्पा तळवार. वय चोवीस.

पहिल्या शनिवारी तो भांडारखोलीत सापडला,
तांदळाच्या पोत्यावर, दाराकडं पाठ करून.
त्याचं मराठी माझ्या कन्नडाइतकंच लंगडं.
म्हणाला, "अक्कोर, मी 'कूड्री' म्हणतो, बसा म्हणून,
आणि ही सगळी उभी राहतात."
मी हसले.
हसायला नको होतं.

मला कुणी नव्हतं दिलेलं.
पहिल्या वर्षी एका दुपारी मी घंटेखाली उभी राहून रडले
तेव्हा शिपाई सटूमामानं काही न विचारता
वीस मिनिटं आधीच शाळा सोडली.
त्याला मार्गदर्शन म्हणतात का, मला माहीत नाही.
त्याच्या नावाचा फॉर्म नव्हता.

इराप्पाला मी काय सांगितलं?
की हजेरी मोबाइलवर भरायची तर पाण्याच्या टाकीवर चढायचं.
की शेवंता गावडे दूध उधार देते, पण हिशेब तोंडी ठेवते.
की दुसरीतला सोम्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत
कुठल्याच भाषेत बोलत नाही,
तर घाबरायचं नाही.
पाठ कसा घ्यावा ते मी फारसं सांगितलं नाही.
मागच्या भिंतीला टेकून बसले, पोरांत,
आणि 'कूड्री' म्हटल्यावर बसले.
दुसऱ्या दिवसापासून तीही बसली म्हणे.

एकदा तो वर्गात म्हणाला, "नानु केळिदे."
मी विचारलं, एवढाच अर्थ.
पोरं एकमेकांकडं बघायला लागली.
सोमवारी सोम्यानं परसातली फणी आणून टेबलावर ठेवली,
म्हणाला, "सर केळी दे म्हणत होते."
त्या वर्षातलं त्याचं ते पहिलं वाक्य.

तरीही माघात त्यानं अर्ज लिहिला.
राजीनामा, दीड पान, अक्षर सुंदर.
"अक्कोर, चुका बघा."
म्हटलं, मला वाचायला वेळ लागतो, तूच वाच मोठ्यानं.
वाचत गेला. आईचा दमा, खोलीचं भाडं, एकटेपणाला
त्यानं लिहिलेला एक अवघड सरकारी शब्द.
मग, 'नन्न मक्कळु',
माझ्या मुलांची परीक्षा होईपर्यंत…

"तुझं लग्न कधी झालं?" मी विचारलं.
त्याला कळायला वेळ लागला.
मग कागदाकडं बघत राहिला,
तिथं दुसऱ्याच कुणाचं अक्षर असल्यासारखा.

अर्ज त्यानं फाडला नाही.
घडी घालून हजेरीपुस्तकात ठेवला,
अजून तिथंच आहे, फेब्रुवारी आणि मार्चच्या मध्ये.
तो राहील का, मला विचारू नका.
गेल्या तीन वर्षांत माझ्या हाताखालची दोघं गेली,
एक बेळगावला, एक विम्याच्या कंपनीत,
आणि त्यांचेही सगळे रकाने मी नीट भरले होते.

आज रविवार. प्रती तीन.
दोन बोटं जागेत मी एकच शब्द लिहिलाय:
केळिदे.
त्यांच्या भाषेत विचारलं म्हणायलाही तोच शब्द
आणि ऐकलं म्हणायलाही.
साहेब त्यातला कुठला वाचतील कुणास ठाऊक.
सोम्या वाचेल तर
उद्या पुन्हा एक फणी येईल.