एक घर डावीकडं

नेसर्गी मास्तरांचं दुकान तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडं,
पाटी कन्नडमध्ये, आत जळक्या रोझिनचा वास.
दिवसभर मी उद्यमबागेत व्हर्नियर धरते,
पंपाच्या कव्हरांचे व्यास मोजते,
शंभरातली तीन-चार परत पाठवते,
आणि सहानंतर इथं येऊन बसते
दोन तारांसमोर.

दोनच तारा.
एक ठेका धरते, दुसरी बोलते.
कुणी बोलत नसलं की दोन्ही वर असतात,
बारकासा रेझिस्टर त्यांना वर ओढून धरतो,
ओल्या लुगड्यांची दोरी बांबूनं उचलून धरावी तसा.
बोलायचं तर तार खाली ओढायची.
एवढं डोक्यात शिरायला मला आठवडा लागला.

मास्तर बिट मोजतात ते कन्नडमध्ये:
ओंदु, सोन्ने, सोन्ने, ओंदु, सोन्ने, सोन्ने, सोन्ने.
लहानपणी 'सोन्ने' ऐकलं की मला सोनंच वाटायचं.
वाटायचं, केवढी श्रीमंत ही शेजारची माणसं,
पाढे म्हणतानासुद्धा सोनं मोजतात.

सात बिटांचा पत्ता,
मग नवव्या ठोक्याला समोरच्यानं तार खाली ओढायची.
म्हणजे नुसतं 'हं' म्हणायचं.
चार रात्री माझा सेन्सर 'हं' म्हणाला नाही.
स्कोपच्या पडद्यावर नववा ठोका यायचा,
तार आपली वरच.
टाके उकलून पुन्हा घातले. चिप बदलली.
डेटाशीटचं अठरावं पान इतक्यांदा वाचलं
की चहाचा डागसुद्धा पाठ झाला.
काही रकान्यांत लिहिलं होतं, राखीव.
बसमधल्या सीटवर असतं तसंच,
फक्त इथं कुणीच बसायचं नाही.

'मास्तर, मेलंय हे.'
'मेलं नाही गं. तू कुणाच्या दारात हाक मारायलीस
ते बघ की आधी.'

शनिवारी सिलिंडर आला, तो लोकूरबाईंच्या दारात.
कॉर्पोरेशननं नव्या पाट्या ठोकल्यापासून
ही तिसरी खेप.
आई मराठीत भांडली, लोकूरबाई कन्नडमध्ये,
पोरगा दोघींना हिंदीत समजावत होता,
आणि कुणालाच कुणाचं काही कळलं नाही असं झालं नाही.
'लिस्टवर हेच घर आहे,' तो म्हणाला,
'तुमचेच आकडे सरकलेत.'

सिलिंडर कडेवर गरगर फिरवत
मी आमच्या पायरीपर्यंत आणला
आणि तिथंच थांबले.
आकडे सरकलेत.

माझं फंक्शन आठ घरांचा पत्ता मागत होतं,
मी सातच देत होते.
सगळे आकडे एक घर डावीकडं सारायचे.
मग उजव्या टोकाला जे घर रिकामं होतं
तिथं सांगायचं, कशासाठी आलोय:
काही द्यायला, की न्यायला.
मी चार रात्री भलत्याच दारात उभी होते,
आणि हेही न सांगता.

आई म्हणाली, पोळ्या थंड होतील.
मी चपला घालून गेटापलीकडं पळाले.
खानापूरकडची गाडी जायची होती, फाटक बंद,
आयुष्यात पहिल्यांदा मी त्या फाटकाला शिव्या दिल्या.

एक ओळ बदलली.
ठोके आले, एक, दोन, सात, आठ,
आणि नवव्याला तार वाकली.
इतकी थोडी, इतकी स्पष्ट.
मग आकडा आला: एकोणतीस पॉइंट चार.
दुकानातल्या हवेचा.
मास्तर काही बोलले नाहीत.
त्यांनी चिपवर आपलं चट्टे पडलेलं बोट टेकवलं,
आकडा चढायला लागला,
तीस, एकतीस, साडेएकतीस,
आणि आम्ही दोघं बघत राहिलो
जणू ताप त्यांनाच आलाय.

त्या ओळीशेजारी मी मराठीत टीप लिहून ठेवलीय:
पत्ता एक घर डावीकडं. सिलिंडर आठव.
मशीन टीप वाचत नाही, ओलांडून जातं.
मास्तरांनी वाचली,
खाली कन्नडमध्ये काहीतरी जोडलं.
अक्षरं लावत लावत वाचलं तर निघालं,
चहाचे पैसे बाकी.