अर्धा तास

इंजेक्शन फ्रीजमधून काढल्यावर
अर्धा तास थांबावं लागतं.
गार औषध घट्ट असतं, आत शिरताना फार दुखतं.
सिस्टर शोशम्मा ती नळी मुठीत धरून बसते,
बाजारातून येताना आई सुटे पैसे धरायची तशी,
आणि विचारते,
या महिन्यात तोंड किती वेळा लाल झालं?

मी वही काढतो.
मीना अब्दुल्लाच्या यार्डात नट-बोल्टांची आवक-जावक लिहितो
तशीच लिहिली आहे:
रविवारी दोनदा.
मंगळवारी, ठेच्यानंतर. (ठेचा का खाल्लास, हे ती डोळ्यांनी विचारते.)
गुरुवारी, फोरमनसमोर.

चार वर्षं ही लाली चढली की
लोक जवळ येऊन माझा श्वास हुंगायचे.
कुवेतसारख्या दारूबंद देशात
ताकापलीकडे काही न प्यायलेला मी.
कॅम्पातली पोरं म्हणायची,
मेत्रेभाऊ, कुठं मिळते तेवढं सांगा की.
एका डॉक्टरनं अ‍ॅसिडिटी म्हटलं, दुसऱ्यानंही.
तिसऱ्यानं, घरची आठवण.
पोटासाठी आलो होतो इथं,
पोटानंच असं पकडलं.

मग नाव सापडलं. इतकं लांब
की रिपोर्टवर ते दोन ओळींत मोडलं होतं.
डॉक्टर म्हणाले, दुर्मिळ आहे.
मला हसू आलं, खरंच.
अकरा जणांच्या खोलीत वरच्या बंकवर झोपणारा,
हेल्मेटवर चारशे सतरा लिहिलेला;
गावाकडे तर मेत्र्यांची अख्खी गल्ली.
माझ्यात काही दुर्मिळ निघेल
असं कधी वाटलं नव्हतं.

सविंद्राला फोनवर सांगितलं, गाठ आहे, सावकाश वाढते.
ती म्हणाली, आपल्याकडं कुणाला झाला होता का हा?
त्यांनी काय पथ्य केलं, जाऊन विचारून येते.
कुणालाच झाला नव्हता.
जाऊन विचारावं असं
एक घर नव्हतं पंचक्रोशीत.

सिस्टरनं पहिल्याच दिवशी कोरा कागद घेतला.
चित्र तिला मुळीच येत नाही,
माझं यकृत तिनं वांग्यासारखं काढलं,
आतड्यावर एक ठिपका, वांग्यात तीन.
म्हणाली, मोबाईल में मत ढूँढो, मेरे को पूछो.
मग नंबर दिला, रात्रीचाही.
रात्री मी एकदाच लावला.
विचारायचं असं काही नव्हतं.
"हां मेत्रे, बोलो," ती म्हणाली,
मागे कुकरची शिट्टी झाली,
आणि तेवढ्यावर मी झोपलो.

लाली आजाराची आहे, माणसाची नाही,
असं एक पत्र तिनं मोठ्या डॉक्टरांकडून अरबीत लिहून घेतलं,
शिक्क्यानिशी.
मी ते लॅमिनेट करून हेल्मेटमध्ये ठेवतो.
मला त्यातलं अक्षर कळत नाही.
उजवीकडून डावीकडे
त्या ओळी माझी बाजू मांडत जातात.
फोरमननं गुरुवारी पत्र दोनदा वाचलं,
मग स्वतःच्या बाटलीतलं पाणी पुढे केलं.

तिच्या वहीत माझ्यासारखा आणखी एक आहे,
फहाहीलचा मिसरी शिंपी, रजब.
एकदा आम्हा दोघांना तिनं एकाच वेळी बोलावलं.
चूक झाली म्हणाली. चूक नव्हती ती.
त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला नाही.
बराच वेळ आम्ही भिंतीवरचं घड्याळ बघितलं.
मग त्यानं आपला गाल दाखवला.
मी माझा.

व्हिसा मार्चमध्ये संपतो.
पुढे हे इंजेक्शन कुठं, किती रुपयांना,
तिला विचारलं.
ठाऊक नाही, म्हणाली, डोळे न चोरता,
आणि दोन गावांची नावं लिहून घेतली,
तिथल्या इस्पितळांना फोन करायला.

नळी कोमट झाली आहे.
ती उठते, पडदा ओढते.
गेल्या वेळी डावी बाजू होती की उजवी?

थांबा, वही बघतो.